करवंटी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. आमच्या बिल्डिंगची
कचऱ्याची वही माझ्याकडं असते.
कुणी वेगळा करून दिला, कुणाचा माघारी पाठवला,
तारीखवार, निळ्या पेनानं.
तीनशे दोनच्या शेडगे वहिनींना मी
जिन्यातून परत बोलावलंय
चहाच्या चोथ्यात ब्लेड निघालं म्हणून.
तेव्हापासून बोलणं बंद आहे. असू दे.

आणि माझ्याच ओट्याखाली
हिरवा डबा, निळा डबा,
मधोमध उभे हे,
हातात नारळाची करवंटी.
"कुठं?"
ओल्यात, मी म्हणायचे. झाडाचं आहे ते.
"अगं, वाजवून बघ की,"
टक् टक् ओट्यावर,
"थेंब तरी आहे का हिच्यात पाण्याचा?"
नऊ वर्षं हा एवढाच वाद.
ते निळ्यात टाकायचे. रात्री मी काढून हिरव्यात.
सकाळी बघावं तर परत निळ्यात.

कांदा-बटाटा मार्केटात मापाडी होते.
काटा थांबायच्या आधी त्यांच्या हाताला कळायचं.
डबा नुसता उचलायचे आणि सांगायचे,
दोन किलो शंभर, काल पाहुणे होते.
नऊशे ग्रॅम, तू नीट जेवली नाहीस.
मी दुकानातून वजनकाटा आणून ताडून पाहिलं होतं एकदा.
वीस ग्रॅमचा फरक. तो डब्याच्या झाकणाचा, म्हणाले.
शेवटी शेवटी उचलवेना,
तेव्हा पायाच्या अंगठ्यानं ढकलून बघायचे
आणि आकडा सांगायचे नाहीत.

तेरावं झालं. साताऱ्याची माणसं गाडीत बसली.
मी फरशीवर वर्तमानपत्र पसरलं
आणि नियमाप्रमाणं वेगळं करायला घेतलं.
इन्सुलिनच्या सुया. घातक. ते सोपं.
गोळ्यांची अर्धी पट्टी. घातक.
चष्मा. फ्रेम सुक्यात, काच कागदात बांधून, वर 'काच' लिहून.
दाढीचा ब्रश. दांडा प्लास्टिकचा,
केस कशाचे ते कधी विचारलंच नाही.
मार्केटचा बिल्ला, गंजलेला, पिनेसकट.
तो मी पेपराखाली सरकवला.
बनियन. कापड सुक्यात जातं.
पण नाकाशी धरलं, आणि मग
ते कुठल्याच डब्यात बसेना.

सकाळी सव्वासातला घंटागाडी.
कौसाबाई, परतूरकडची, बारा बिल्डिंगा करते,
हातमोजा एकच, उजव्या हातात.
मी फोटोवरचा झेंडूचा हार पुढं केला,
निर्माल्यात टाकू?
"निर्माल्य देवाचं आस्तं, बाई.
मयताचं न्हाई व्हत. वल्यात द्या."
आणि हे?
तिनं बनियन घेतलं, मोजा नसलेल्या हातानं,
उलटं केलं, शिवण बघितली.
"ह्यो कचरा न्हाई आजून.
फडकं करा. झिजू द्या. मंग द्या."
आणि पुढच्या गेटाला गेली,
गाडी थांबत नाही कुणासाठी.

मागं शेडगे वहिनी उभ्या होत्या.
हातात कागदाची पुडी, रबर लावलेली,
वर मोठ्या अक्षरात 'ब्लेड'.
माझ्याकडं बघितलं नाही,
पण पुडी अशी धरली होती
की मला वाचता यावी.

दुपारी तेराव्याचा नारळ संपवला.
खोबरं काढलेली करवंटी ओट्यावर वाजवली,
टक् टक्.
खणखणीत सुकी.
दोन्ही डबे उचलून बघितले एकेक करून.
जड होते. किती, ते मला येत नाही.

मग वही काढली,
दोनशे चारपुढं आजची तारीख घातली, लिहिलं,
नारळ निळ्या डब्यात.
समज दिली.